‘दोरी’ नावाची फाइल

१. पांढरी खिडकी

शनिवारी सकाळी आईनं कॉम्प्युटर लावला, वेक्टोरा सुरू केलं, फाइल निवडायची खिडकी उघडली आणि तिथं काहीच नव्हतं.

‘दोरी’ नावाचं फोल्डर होतं, पण आत नुसतं पांढरं. आई आधी हसली. मग तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला, परत घातला, परत बघितलं. मग मला हाक मारली, “स्वरा, तू इथलं काही हलवलंस का गं?” तो आवाज ऐकून मी पोह्यांची ताटली ओट्यावर तशीच ठेवून धावले. शाळेला त्या दिवशी दांडी.

मी स्वराली, दहावी ब. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात उभं राहून प्रश्न विचारायचा तर माझे कान लाल व्हायचे. मग मी वादविवाद स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की मला काहीही जमू शकतं. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात मी सगळं बरोबर ओळखलं. एकही तर्क चुकला नाही. तरीसुद्धा.

आमचं दुकान म्हणजे पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचा हॉल. एक टेबल, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि आई. तिचं नाव सुलेखा, आणि हे नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असणार. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, डॉक्टरांच्या पाट्या, सगळं ती वेक्टोरा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवते. बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते, त्याबद्दल मी इथं लिहिणार नाहीये. तेव्हापासून हे टेबलच आमचं घर चालवायचं. आता लोक मोबाइलवर बोटानं पत्रिका बनवतात आणि गणपती पालथा आला तरी त्यांना चालतो. कामं आटली. म्हणून आईनं वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंग विभागात नोकरी बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि ते टळण्याची एकच वाट होती, ती म्हणजे ‘दोरी’.

‘दोरी’ हा आईनं काढलेला अक्षरांचा संच. त्यातली शिरोरेघ सरळ नाही, मधे किंचित झोल आहे, आणि अक्षरं तिला वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात. ‘झ’ तर अगदी उलट्या टांगलेल्या शर्टासारखा. मी सहावीत असल्यापासून ती हे काढत होती, दुपारी, गिऱ्हाइकं नसताना. पुण्याच्या एका प्रकाशनातल्या प्रमोदिनीताईंना नमुना फार आवडला होता. लहान मुलांच्या पुस्तकांच्या मालिकेसाठी त्यांना तो हवा होता, पुढची कामंही आईलाच. अट एवढीच की सोमवारपर्यंत मूळ फाइल द्यायची, आणि ती परवाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केली आहे असं सही करून द्यायचं.

“दुसरी कॉपी असेल ना?” मी विचारलं.

विचारता विचारताच मला उत्तर आठवलं. आमच्या घरात कॉपी नसते. फार पूर्वी एकदा पत्रिकेची जुनी फाइल चुकून प्रेसवर गेली होती आणि सगळ्या पत्रिकांवर आदल्या गिऱ्हाइकाचा नवरदेव छापून आला होता. त्या दिवसापासून आईचा नियम आहे: शेवटची एकच फाइल ठेवायची, बाकी सगळं पुसायचं. तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला हा नियम पाठ आहे.

“या सोमवारी शेवटचं अक्षर झालं,” आई म्हणाली. “म्हटलं, आठवडाभर बघायचंच नाही तिकडं. मग ताज्या डोळ्यांनी एकदा बघून पाठवू.”

म्हणजे ‘दोरी’ या आठवड्यात कधीतरी गेली. आणि या आठवड्यात त्या खुर्चीत आईशिवाय तीनच माणसं बसली होती.

२. रेघ ग्रुप

तिघंही ‘रेघ’ ग्रुपवर आहेत. हा आमच्या शहरातल्या डिझायनर लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. आईच्या फोनवर तो मी जास्त वाचते, कारण तिथली भांडणं कुठल्याही मालिकेपेक्षा भारी असतात. विषय नेहमीचेच: नवं वेक्टोरा घ्यावं का, दर वर्षी पैसे का भरायचे, जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का.

श्रीरंग काका ग्रुपचे ॲडमिन, शहरात वेक्टोराचे परवाने तेच विकतात. आईकडं जुनं वेक्टोरा आहे, एकदा घेतलं की कायमचं असलेलं. काका गुरुवारी लॅपटॉप घेऊन आले होते, नवं घ्या म्हणून आग्रह करायला. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ते चढवून बघितलं, तर कॉम्प्युटरनं चक्क नकार दिला.

शिवम कन्नड गावचा. आईकडंच शिकला, आता चौकात त्याचं स्वतःचं फ्लेक्सचं दुकान आहे. फुकटात फोडलेलं जुनं वेक्टोरा वापरतो आणि लपवतही नाही. गेल्या महिन्यात आईनं ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं. मंगळवारी तो एक रंगाचा नमुना न्यायला आला, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याची लाइट गेली म्हणून कुठल्यातरी भाईच्या वाढदिवसाचा अवाढव्य फ्लेक्स आमच्याकडं बसून केला.

मंदारदादा माझा मावसभाऊ, इंजिनिअरिंगला आहे. मेसला कंटाळला की आमच्याकडं जेवतो. या आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आला होता. सुट्ट्यांत तोही आईच्या हाताखाली काम शिकलाय. पण तो विंडोज टाकून दिलेला लिनक्सवाला आहे, ‘बोरू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो, आणि वेक्टोराचं नाव काढलं की त्याचं भाषण सुरू होतं. या गुरुवारीच त्यानं लिहिलं होतं:

“त्या नव्या वेक्टोरात फाइल उघडायला घेतली की आधी कबुतर पंख हलवत बसतं. तेवढ्यात बोरूत माणूस पत्रिका संपवून जेवून येतो.”

त्यावर शिवमनं हसणारे चेहरे टाकले होते आणि श्रीरंग काकांनी हात जोडले होते. मीही हसले होते. बोरूत काम केलं तर खरंच जेवूनच यावं लागतं, कारण जोडाक्षर टाकलं की ते बंद पडतं.

पहिला नंबर शिवमचा. मी सायकल काढली.

“काकूंची फाइल? मी?” फ्लेक्सला कड्या ठोकता ठोकता तो म्हणाला. “आगं स्वरा, लई आदर आहे मला त्या अक्षरांबद्दल. पण मी घेऊन करू काय? भाईचं नाव लिहू? भाई म्हणंल, माझं नाव वाळत का घातलंय.”

“आईनं ग्रुपवर तुझी काढली होती.”

“व्हय, काढली. बरोबरच होतं त्यांचं.” त्यानं हातोडी खाली ठेवली. “फाइल खरंच गेली का? खिडकीत नाय दिसली म्हणजे नसतीच असं नाय हां. वेक्टोराची ती खिडकी फक्त त्याला उघडता येतील त्याच फायली दाखवती. साध्या फोल्डरमधून बघितलं का तुम्ही?”

नव्हतं बघितलं. एवढी मोठी गुप्तहेर मी, आणि फोल्डर उघडून बघितलं नव्हतं.

३. बुधवारची तारीख

होती. साध्या फोल्डरमध्ये ‘दोरी’ होती.

मी ओरडले, आई स्वयंपाकघरातून पळत आली, आणि आम्ही दोघी साधारण अर्धं मिनिट जगातल्या सगळ्यात सुखी बायका होतो. मग आईनं त्यावर टिचकी मारली आणि जुन्या वेक्टोरानं सांगितलं की ही फाइल नव्या आवृत्तीत साठवलेली आहे, मला उघडता येत नाही. नावापुढची अक्षरंसुद्धा वेगळी होती. जुन्या वेक्टोराच्या हिशेबी ही फाइल अस्तित्वातच नव्हती.

“पण नवं तर आपल्या कॉम्प्युटरवर चढतच नाही,” आई म्हणाली.

मी फाइलीवरची तारीख बघितली. बुधवार. बुधवारी आमच्याकडं कुणीच आलं नव्हतं. आई दिवसभर प्रेसवर होती, मी शाळेत, घराला कुलूप.

मी हॉलमध्ये फेऱ्या मारत विचार केला. कुलूपबंद घरात बुधवारी कुणी फाइल साठवली? कुणीच नाही. ती बाहेर साठवली गेली, दुसऱ्या मशीनवर, नव्या वेक्टोरात. म्हणजे कुणीतरी सोमवारनंतर ती पेन ड्राइव्हवर नेली आणि बुधवारनंतर परत आणून ठेवली. त्यासाठी आमच्याकडं दोनदा यायला हवं. श्रीरंग काका एकदाच आले होते. ते सुटले. उरले शिवम आणि मंदारदादा, आणि दोघांकडंही नवं वेक्टोरा नव्हतं.

“काकांना बोलव,” मी म्हटलं. “त्यांच्या लॅपटॉपवर उघडेल.”

४. घरात विद्यार्थी कोण?

काकांनी ओट्यावरचे माझे गार पोहे स्वतःहून घेतले आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. मग ‘दोरी’ आली.

अक्षरं सगळी होती. आणि प्रत्येक अक्षरावरून तिरका करडा शिक्का गेला होता: केवळ शैक्षणिक वापरासाठी. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत प्रत्येकावर.

काकांचा चमचा तोंडाजवळ थांबला. “अरेरे,” ते म्हणाले. “वहिनी, ही विद्यार्थी आवृत्तीत साठवलीय कुणीतरी.”

“म्हणजे?” आई म्हणाली.

“विद्यार्थ्यांना कंपनी नवं वेक्टोरा फुकट देते. पण त्यात फाइल एकदा साठवली की शिक्का बसतो. तो छापताना येतो, फाइल दुसरीकडं नेली तरी येतो. त्या फाइलीचा धंद्यासाठी उपयोग करता येत नाही.”

“पण तुमचा तर पूर्ण परवाना आहे. तुम्ही काढा.”

काकांनी फाइल जुन्या आवृत्तीत साठवून बघितली. नकार. अक्षरं उचलून कोऱ्या पानावर टाकली. शिक्का मागोमाग आला. त्यांनी कंपनीला फोन लावला, बराच वेळ संगीत ऐकलं, मग कुणाशी तरी हिंदीत बोलले, आणि ठेवताना नुसती मान हलवली. हा माणूस इतकी वर्षं वेक्टोरा विकत होता, आणि आज पहिल्यांदा त्यानं त्याची बाजू घेतली नाही.

मग ते माझ्याकडं वळले. “या घरात विद्यार्थी कोण आहे, स्वराली?”

आईपण माझ्याकडं बघायला लागली.

जुनी मी असते तर रडले असते. नवी मी म्हणाले, “काका, ते फुकटचं मिळवायला काय लागतं?”

“कॉलेजचा ईमेल.”

“मला शाळेनं फक्त टाय दिलाय.”

काका ओशाळून हसले. आई हसली नाही, पण तिनं नजर काढून घेतली. आणि तेव्हाच मला काहीतरी खटकलं, दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं. ती हिरवी पट्टी.

“काका, मघाशी फाइल उघडताना कबुतर का नाही आलं?”

५. कबुतर

“कसलं कबुतर?” काका म्हणाले. मग त्यांना आठवलं. “अच्छा, ते. ते मॅकवर येतं. विंडोजवर पट्टीच असते.”

“ग्रुपवर कुणाकडं मॅक आहे?”

“आपल्या इथं? कुणाकडंच नाही. मी अजून एकपण मॅकचा परवाना विकलेला नाही.”

मी आईचा फोन घेतला, गुरुवारचा मेसेज काढला आणि टेबलावर ठेवला.

“जो माणूस लिनक्सशिवाय कशाला हात लावत नाही,” मी म्हटलं, “त्याला नव्या वेक्टोरातलं कबुतर कुठून माहीत? लिनक्सवर वेक्टोरा चालतच नाही. विंडोजवर कबुतर नाही. म्हणजे त्यानं ते मॅकवर बघितलं. मॅक कुठं आहेत? मागच्या दिवाळीत दादानंच सांगितलं होतं, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नवे मॅक आलेत, सगळे त्यांच्यासोबत फोटो काढतात. कॉलेजचा ईमेल त्याच्याकडं आहे. तो मंगळवारी आला, शुक्रवारी आला. मधे बुधवार. गुरुवारी त्यानं कबुतराला शिव्या घातल्या, कारण ते आदल्याच दिवशी त्याच्या डोळ्यांसमोर पंख हलवत होतं.”

काकांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि आईकडं बघून परत मांडीवर ठेवले.

“मंदार?” आई म्हणाली. “तो कशाला असं करेल?”

एवढंच मला माहीत नव्हतं. बाकी सगळं जुळलं होतं आणि मला, खरं सांगते, मजा वाटत होती.

६. मंदारदादा जेवायला येतो

रविवारी दुपारी तो नेहमीसारखा चप्पल न काढता आत आला, आईनं ओरडायच्या आत परत जाऊन काढून आला, आणि हसत हसत म्हणाला, “मावशी, किती ताणशील? दोन दिवस फोनची वाट बघतोय मी. बघितलीस की नाही?”

मी वादविवादात उभी राहते तशी उभी राहिले होते. सगळे मुद्दे तयार होते. एकही काढावा लागला नाही.

“काय बघायचं होतं?” आईनं विचारलं.

“‘दोरी’. अगं, दोन अक्षरांमधलं अंतर जमत नाही म्हणून तू रडकुंडीला आली होतीस ना? नव्यात ते आपोआप होतं. मी प्रत्येक जोडी तपासली. दिवसभर बसलो लॅबमध्ये, एक प्रॅक्टिकल बुडवलं.” तो माझ्याकडं वळला. “ग्रुपवर बोलू नको हां. मी वेक्टोरा वापरतो कळलं तर शिवम मला जगू देणार नाही. प्रोजेक्टसाठी घ्यावं लागलं.”

“जुनी फाइल?” मी विचारलं.

“पुसली. एकच ठेवायची ना, मावशीचा नियम.” त्यानं अभिमानानं सांगितलं. “पेन ड्राइव्हवरची पण पुसली. पुण्याला चुकून जुनी गेली असती तर?”

“आणि शिक्का?”

“कुठला शिक्का?”

त्यानं खरोखर बघितला नव्हता. काम करताना पडद्यावर तो येत नाही. साठवून परत उघडलं की येतो. त्यानं साठवलं, पेन ड्राइव्ह काढला, आणि आईला आनंद होईल म्हणून तडक ठेवून गेला.

आईनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. शांतपणे, तो लहानपणी घरात पडला की समजूत काढायची तसं. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. तो माझा भाऊ आहे.

मग तो उठला आणि पुसलेली फाइल परत मिळवायच्या मागे लागला. श्रीरंग काका त्यांची हत्यारं घेऊन आले. दोघांनी संध्याकाळपर्यंत डिस्क उकरली. पण आमची डिस्क आधीच काठोकाठ भरलेली, आणि दादा गेल्यावर शुक्रवारी शिवमनं त्याच डिस्कवर भाईचा अवाढव्य फ्लेक्स उतरवला होता. जिथं ‘दोरी’ होती तिथून भाईच्या गळ्यातल्या हाराचे तुकडे निघाले.

“बोरूत उघडते का बघ ना,” मी दादाला म्हटलं.

“नवी फाइल बोरूला कळत नाही,” तो म्हणाला. “करताहेत लोक. होईल दोनेक वर्षांत.”

जाण्याआधी काकांनी लॅपटॉप आईसमोर धरला. आईनं अक्षरांमधली अंतरं बघितली, एकेक ओळ. ‘ळ’नंतर ‘ठ’ आला की तिला नेहमी खड्डा पडल्यासारखं वाटायचं. तो खड्डा गेला होता.

“छान झालंय रे,” ती म्हणाली. दादा बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिला.

७. शिवमचा फोन

रविवारी दिवेलागणीला शिवमचा फोन आला. काकांनी त्याला सांगितलं असणार.

“काकू, आयकून घ्या. शिक्का पुसायचं एक बारकं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडं. चोरीचं आहे, खोटं नाय बोलत. कुणालाच कळणार नाय. चहा होईपर्यंत काम होतंय.”

फोन स्पीकरवर होता. मी आईचा हात धरला. मी म्हटलं, “आई, अक्षरं तर तुझीच आहेत. यात चोरी कुठंय?” मी वादविवादात पहिली आलेली मुलगी आहे, आणि मी त्या रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्याशी वाद घातला. माझे मुद्दे बरोबर होते. ती ते खोडतसुद्धा नव्हती.

“मला सही करायचीय त्यांच्या कागदावर,” ती शेवटी म्हणाली. “ग्रुपवर सगळ्यांना सांगत फिरले मी. आता तशी सही नाही करता येणार मला.”

तिनं प्रमोदिनीताईंना फोन केला. खरं ते सांगितलं. त्या चांगल्या होत्या, म्हणून जास्त वाईट वाटलं. आई शिक्क्याखालून बघून परत काढायला किती लागेल ते सांगत होती, आणि त्या म्हणत होत्या की मालिका सोमवारीच ठरतेय, दुसऱ्या एकाचा संच तयार आहे, पुढं कधी असलं तर कळवू. आईनं तीनदा “हो हो, बरोबर आहे” म्हटलं.

सोमवारी सकाळी कंपनीची बस चौकात येते. आईनं कंपनीचा निळा कोट हातावर घेतला होता, घातला नव्हता. शिवमचं दुकान अजून उघडलं नव्हतं. त्याच्या शटरवर भाई हात जोडून हसत होता.

“परत काढशील ना?” मी विचारलं. “रविवारी वगैरे?”

“बघू.”

“मंदारदादाला काही बोलणार नाहीस का?”

“त्याला म्हटलंय, जेवायला येत जा.” बस वळताना दिसली तशी ती कोट अंगात घालायला लागली. एक बाही सापडत नव्हती, मी धरली. “तू छान शोधलंस गं,” ती म्हणाली. “मला तर सुचलंच नसतं.”

आजवर मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक, आणि ते घेऊन मी चौकात उभी राहिले, बस गेल्यावरही.

घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. आईच्या फोनवर रेघ ग्रुपचं काय चाललंय ते आता मला वाचता येणार नव्हतं, फोन वाळूजला गेला होता. मी वेक्टोरा सुरू केलं. फाइल निवडायची खिडकी उघडली. ‘दोरी’चं फोल्डर, आत पांढरं.

आता मला माहीत होतं की खिडकी रिकामी दिसली म्हणजे फोल्डर रिकामं नसतं. ती तिथंच होती, सगळी अक्षरं, अंतरं जमलेली. मी खिडकी तशीच उघडी ठेवली आणि शाळेचा डबा भरायला गेले. आज तो मलाच भरायचा होता.